सीमाभागातल्या गावात गोष्टींचा कट्टा सुरू करायचाय? नवख्यांसाठी पायरीपायरीनं

गावात मुलांसाठी मराठीचं काहीतरी सुरू करावं असं मनात आलं की आपल्याकडं आधी व्याख्यान सुचतं. मग वक्ता शोधा, शाल-श्रीफळ आणा, मंडपवाल्याला विचारा, आणि मंडपवाल्याचा आकडा ऐकला की सगळं बारगळतं. बेळगाव तालुक्याची पश्चिम बाजू आणि खानापूर इथल्या गावांत मी काही वर्षं गोष्टींचे कट्टे चालवतोय. त्यावरून सांगतो, व्याख्यान राहू दे. आठवड्यातून एकदा तास-दीड तास, वीसेक मुलं, एक सांगणारं माणूस आणि थोडा कागद-रंग, एवढ्यावर काम सुरू होतं.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तो चालेल तसा चालेल. पण निकालाची वाट बघणाऱ्या घरातच आजीची ओवी नातवाला कळेनाशी झाली, तर निकाल कुठल्याही बाजूनं लागला तरी त्या घराला त्याचा काय उपयोग? म्हणून या कामाला मी लढाच म्हणतो. ज्यांना घोषणा द्यायच्यात त्यांनी त्या खुशाल द्याव्यात, कट्ट्याची वेळ सोडून.

आधी हे जमवून ठेवा

सामान:
- आवाज नीट टिपणारा फोन आणि त्यात मोकळी जागा
- दोनशे पानी वही (फोनवर सगळं राहतं या भरवशावर राहू नका)
- चार्ट पेपर, जुनी वर्तमानपत्रं, मैद्याची खळ
- गेरू, चुना, हळद, काजळी. शक्य असेल तर बाजारातले पाण्याचे रंग
- एक जुनं धोतर किंवा पांढरी चादर, आणि एक चांगली बॅटरी (टॉर्च)
- भजनी मंडळाकडून उसने टाळ, हलगी किंवा लेझीम

कागदपत्रं:
- जागेच्या मालकाचं किंवा देवळाच्या पंचांचं दोन ओळींचं संमतीपत्र
- शाळेची खोली हवी असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची देखरेख समिती) अध्यक्ष यांच्या नावे अर्ज
- पालकांच्या सह्यांचा कागद, त्यात फोटो आणि आवाज घेण्याची परवानगी वेगळी मागा
- गोष्ट किंवा गाणं देणाऱ्या माणसाची संमती. सही येत नसेल तर तोंडी संमती फोनवर टिपून ठेवा
- जाहीर कार्यक्रमासाठी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला अर्ज, सोबत आयोजकांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स

१. सांगणारं माणूस शोधा

गावात सगळ्यात छान भाषण कोण करतो हे विचारू नका. तो माणूस लहान मुलांसमोर हमखास पडतो. पोरं आपणहून कुणाच्या मागं फिरतात ते बघा. काकडआरतीतला पेटीवाला, गणपतीची आरास उभी करणारा सुतार, जत्रेत सोंग काढणारा तात्या, धनगरवाड्यावरची आज्जी, असली माणसं पाहिजेत.

आपल्याकडं आणखी एक तयार शाळा आहे आणि तिच्याकडं कुणी शाळा म्हणून बघत नाही. वैशाखातली बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. ट्रॉलीवर जिवंत देखावा उभा करायचा, रात्रभर तोच प्रसंग चौकाचौकात करायचा, गर्दीचं लक्ष धरून ठेवायचं, हे ज्यानं केलंय त्याला रंगमंचाचं फार काही शिकवावं लागत नाही. शहरातली नि आसपासच्या गावांतली कितीतरी मुलं-मुली त्यात तयार झालीत. त्यांच्यातल्या दोघांना धरा. माझी तक्रार एकच, हल्ली बऱ्याच चित्ररथांवर संवाद आधी ध्वनिमुद्रित करून लावतात आणि मुलं नुसते ओठ हलवतात. कट्ट्यावर ती सवय मोडावी लागते.

२. जागा आणि वेळ

देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी, कुणाच्या तरी घरचा सोपा. सगळ्या वाड्या-वस्त्यांतली मुलं न बिचकता येतील अशीच जागा घ्या. एखाद्या देवळात काही घरची पोरं पायरीवरच थांबणार असतील तर ती जागा सोडा, कितीही प्रशस्त असली तरी. याबाबत तडजोड करू नका.

वेळ शनिवारी दुपारची किंवा रविवारी सकाळची. भातकापणीत आणि लावणीत मोठी मुलं शेतात असतात, ते धरूनच वेळापत्रक करा.

३. परवानग्या: फार घाबरू नका, गाफीलही राहू नका

घरच्या अंगणात, सोप्यात मुलांना गोष्ट सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक जागा, मंडप किंवा लाउडस्पीकर आला की लागते. तेव्हा हे पाळा:

अर्ज कन्नडमध्ये लिहा आणि सोबत मराठी प्रत जोडा. यावर काही जण माझ्यावर चिडतात. पण ज्याच्या टेबलावर कागद जाणार त्याला तो वाचता आला तर तो लवकर हलतो, एवढा साधा हिशेब आहे. आपला अभिमान कार्यक्रमात दाखवायला भरपूर जागा आहे. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका; दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही.

बॅनर लावणार असाल तर पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी विचारा आणि त्यावर कन्नड मजकूरही घाला. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम देशभर आहे.

तारीख निवडताना डोळे उघडे ठेवा. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं आपला काळा दिवस. हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि अधूनमधून जमावबंदीही लागते. पहिला कार्यक्रम या दिवसांत ठेवू नये. कारण नसताना मुलं मधे सापडतात.

‘मराठीतच कशाला?’ असं कुणी विचारलं तर वाद घालू नका. घटनेचं कलम २९ आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क नागरिकांच्या कुठल्याही गटाला देतं. त्या कलमाची छापील प्रत फाइलमध्ये असू द्या.

४. गोष्टी आणि गाणी गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पुस्तकातली गोष्ट आणून सांगणं सोपं आहे, पण मग कट्टा गावाचा होत नाही.

आजीकडं गेल्या गेल्या फोन काढू नका. पहिल्या खेपेला नुसतं बसा, चहा घ्या, तिचं माहेर कुठलं ते विचारा. माहेर विचारलं की आपोआप गाव, जत्रा, नदी, सासू असं सगळं यायला लागतं. ‘आज्जी, एखादी गोष्ट सांगा की’ असं म्हटलं तर ‘मला कुठली येतीय बाबा’ हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: पंचमीला फेर धरताना काय म्हणायचात? मुलगी सासरी निघताना? लहानपणी कशाची भीती घालायचे?

जात्यावरच्या ओव्यांचं तर वेगळंच आहे. नुसतं बसून म्हणा म्हटलं की आजी दोन ओळींवर अडते. हाताला चाल पाहिजे. घरात जातं असेल तर मूठभर तांदूळ घेऊन दळायला बसवा, नसेल तर सूप आणि थोडं धान्य हातात द्या. एका घरी जातं परसात पालथं पडलेलं होतं. सुनेनं ते धुऊन आणलं, खुंटा ठोकला, आणि ‘काय आठवत न्हाई’ म्हणणाऱ्या म्हातारीनं पहिल्या फेऱ्याबरोबर भावाचं नाव घेऊन सुरुवात केली. मधे थांबली ती फक्त घास घालायला. शेवटी सूनच म्हणाली, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या पट्ट्यात जे शिल्लक आहे ते आपणच जमवायला हवं.

फोन जात्याच्या दगडावर ठेवू नका, घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. हातभर लांब, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद, कुकर उतरवलेला. कोंबड्यांना इलाज नाही.

प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव बोला. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. ‘हे बाहेर लावू नको’ असं आजी म्हणाली तर ते बाहेर लावायचं नाही, मग ते कितीही भारी असो.

एक इशारा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यांबद्दल. चौंडक्यावरची (हे एक तारेचं वाद्य) ही गाणी मराठीतून कन्नडमध्ये आणि परत मराठीत अशी सहज जातात, ऐकायला विलक्षण. जरूर टिपा. पण जोगतिणीचं (यल्लम्माला सोडलेल्या बाईचं) सोंग म्हणून मुलींच्या हाती परडी देऊ नका. देवदासी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कर्नाटकात कायदा आहे, आणि ज्या घरांनी हे भोगलं ती घरं याच गावांत आहेत. गाणं समजावून सांगा, त्यामागचं दुःखही सांगा, सोंग मात्र नको.

५. मुलांची बोली सुधारू नका

नवखे कट्टे बहुतेक इथंच मोडतात. आठ वर्षांची एक मुलगी रंगात येऊन कोल्ह्याची गोष्ट सांगत होती. ‘कोल्हा हळूच येऊलाय’ म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या एका काकांनी प्रेमानंच सांगितलं, ‘येतोय म्हण बाळ.’ तिनं मान हलवली आणि उरलेली गोष्ट दोन वाक्यांत गुंडाळून जाग्यावर जाऊन बसली. काकांचा हेतू वाईट नव्हता. पण कर्नाटकात तिला कन्नड येत नाही म्हणून ऐकावं लागतं, आणि मराठीच्या कट्ट्यावर तिची मराठी बरोबर नाही म्हणून. मग तिनं बोलायचं तरी कुठं?

निपाणीकडची मराठी कोल्हापूरच्या अंगानं जाते, खानापूरच्या जंगलपट्ट्यात कोकणीची लकब येते, बेळगावच्या आसपास कन्नडचा हेल येतो. सांगताना जशी येईल तशी येऊ द्या. पालक विचारतात, शाळेत मार्क जातील का? त्यावर साधा उपाय आहे. मूल सांगेल तसं एकदा वहीत उतरवा, मग त्याच मुलाला तीच गोष्ट शाळेच्या भाषेत लिहायला लावा. दोन्ही पानं समोरासमोर. मुलांना हा खेळ आवडतो.

गावातली कन्नड बोलणारी मुलं आली तर त्यांना बसवा, त्यांच्या आजीची गोष्टही घ्या. यावर कुणी नाक मुरडलं तर त्यांना आठवण करून द्या की विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिलं नाटक उभं केलं ते कानडी भागवतांचे खेळ बघून, आणि संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. गोकाककडचा श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचा खेळ मिळाला तर मुलांना घेऊन बघा. आपली भाषा टिकवायला शेजाऱ्याची तोडावी लागत नाही.

६. गोष्टीची पोथी करा

नुसतं ऐकून मुलं तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. हाताला काम द्या. मला सगळ्यात उपयोगी पडली ती चित्रकथीची रीत. आंबोलीचा घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजानं ही कला धरून ठेवलीय. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांचा संच म्हणजे पोथी, एकेक चित्र समोर धरून कथा गात-सांगत जायचं. जमलं तर एकदा मुलांना घेऊन तिथं जाच.

आपण त्यांची नक्कल करायची नाही, रीत उचलायची. अशी:

गोष्टीचे आठ-दहा प्रसंग मुलांनाच पाडू द्या. ‘कुठं थांबलं तर ऐकणारा विचारेल, मग?’ एवढाच प्रश्न त्यांना विचारा. प्रत्येक प्रसंगाला फूट-सव्वाफूट कागद. चित्र मोठं काढायला लावा, मागच्या रांगेतून डोळे दिसले पाहिजेत. हळदीत चुना कालवला की लाल होतो, गेरू आहेच, काजळीची काळी रेघ शेवटी. कागदावर अक्षरं लिहू देऊ नका, नाहीतर सांगणारा वाचायला लागतो. वाळल्यावर दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर दाबा.

मग एक सांगणारा, एक चित्र धरणारा आणि दोघं-तिघं मागं झील ओढायला, म्हणजे सुरात साथ द्यायला. लाजरी मुलं झील ओढता ओढता कधी पुढं येतात कळत नाही.

दिवाळीत वेगळं काही करूच नका. किल्ले होतातच. यंदा फक्त किल्ल्यावरच्या एका मावळ्याची, एका गवळणीची गोष्ट मुलांना रचायला सांगा आणि बघायला येणाऱ्यांना ती ऐकवायला लावा. चादरीमागं बॅटरी धरून सावल्यांचा खेळही होतो, पण त्याला अंधार लागतो आणि अंधारात लहान पोरं गोंधळ घालतात. ते मोठ्या मुलांसाठी ठेवा.

७. सीमालढ्याची गोष्ट

कधी ना कधी मूल विचारतंच: हुतात्मा चौक कशाचा? हिंडलग्याचं स्मारक कुणाचं? टाळू नका, आणि आवाज चढवून उत्तर देऊ नका.

आधी तुमची माहिती पक्की असू द्या. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं बेळगाव दिलं नाही, पण निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं होतं. हे खुद्द खानापुरातल्या पोरांना माहीत नसतं. १ जून १९८६ चं आंदोलन कन्नडसक्तीविरुद्धचं.

मग वहीत तीन रकाने आखा: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं. मुलांना घरातल्या आजोबांकडं पाठवा. आजोबा जे सांगतील त्यातलं त्यांनी स्वतः काय पाहिलं आणि दुसऱ्याकडून काय ऐकलं, हे मुलांनी वेगळं लिहायचं. ‘तेव्हा आज्जी काय करत होती?’ हा प्रश्न सक्तीचा. लढ्याच्या गोष्टीत बायका कमी येतात. विचारलं की कोण तुरुंगात डबा पोचवायचं, कुणी शेत एकटीनं सांभाळलं ते निघतं.

प्रयोग रचताना गोष्ट एका माणसाची ठेवा. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत गावाकडं राहिलेल्या मैनेचा विरह आहे आणि त्या विरहातून तोडलेला मुलूख, आपलं बेळगावसुद्धा, येतो. म्हणूनच भाषणं विसरली गेली तरी ती छक्कड लोकांच्या तोंडात राहिली. मुलाच्या तोंडी कुणाचा धिक्कार घालू नका. त्याच्या वर्गात कन्नड मित्र आहे, उद्या त्याला त्याच्याच शेजारी बसायचंय.

८. गावापुढं पहिला प्रयोग

अर्धा तास, त्याहून मोठा नको. गावच्या जत्रेत किंवा हरिनाम सप्ताहाच्या संध्याकाळी वेळ मागा, गर्दी आयती मिळते. पाहुणे, सत्कार, दीपप्रज्वलन सगळं गाळा. पुढाऱ्याला बोलवाल तर अर्धा तास त्याच्यातच जाईल.

गोष्ट अवघड जागी थांबवून गावाला प्रश्न विचारा. गाडगेबाबांचं कीर्तन असंच प्रश्नांवर चालायचं, लोक उत्तरं द्यायचे आणि उत्तर देता देता स्वतःलाच सापडायचे. ‘पाटलानं पाणी द्यायला नको म्हटलं, आता हिनं काय करावं?’ असं मुलीनं विचारलं की पुढं बसलेला गावचा पाटील काय म्हणतो ते ऐकण्यासारखं असतं.

बूड बसल्यावर कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या गावसंमेलनांच्या आयोजकांना भेटा. मुलांसाठी दहा मिनिटं मागा. एकदम मिळणार नाहीत, पण पुढच्या वर्षीसाठी नाव तरी पडतं.

९. जपून ठेवा

मूळ आवाज व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला गाव-तारीख-विषय असं नाव द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर, आणि सांगणाऱ्याच्या घरी पहिली. वही भरली की झेरॉक्स काढून जवळच्या वाचनालयाला द्या. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे, तिथं विचारून बघायला हरकत नाही.

पावसाळ्यात मुलांची संख्या निम्म्यावर येते. कट्टा बंद करू नका, पंधरवड्यावर न्या. भातलावणीची गाणी बांधावर जाऊन ऐकायचे दिवस हेच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीतूनसुद्धा आवाज बरा येतो.